पूर ओसरतो, हिशेब उरतो
आपत्तीत मदतीचा ओघ लागतो. पण तो पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येतो, कोणत्या निकषाने वाटला जातो आणि अखेरीस कुणाला उत्तरदायी असतो, याची माहिती दात्याला नसते आणि आपद्ग्रस्तालाही नसते. वसई-विरारच्या अनुभवाच्या आधारे मदतकार्याच्या अर्थकारणाचा हा वेध.

खास प्रतिनिधी, वसई

जुलै २०१८ च्या ९ आणि १० तारखेला वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला. नालासोपारा परिसरात रुळांवर पाणी चढल्याने पश्चिम रेल्वेची वाहतूक ठप्प झाली. लांब पल्ल्याच्या गाड्यांत अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला पाचारण करावे लागले. वसईच्या मिठागर वस्तीला पाण्याने वेढले, वीजपुरवठा खंडित झाला आणि तळमजल्यावरच्या हजारो घरांतील धान्य, गाद्या, शीतकपाटे निकामी झाली. त्यानंतर मे २०२० च्या अखेरीस श्रमिक रेल्वेगाड्यांच्या प्रतीक्षेत वसईच्या सनसिटी मैदानावर हजारो परप्रांतीय मजूर जमले. एप्रिल २०२१ मध्ये विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून करोनाबाधित रुग्ण मृत्युमुखी पडले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेच्या विजयनगर भागातील रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत मध्यरात्री कोसळून १७ जणांचा बळी गेला आणि बेघर झालेल्या कुटुंबांना चंदनसारच्या समाजमंदिरात आसरा घ्यावा लागला.

या चारही घटनांचे स्वरूप निरनिराळे असले, तरी त्यांतून उभा राहिलेला प्रश्न एकच आहे. मदत लागते ती तासाभरात. पैसा मात्र नियमांच्या वाटेने येतो. या दोहोंमधले अंतर ज्याला भरून काढता येते, त्याचेच मदतकार्य यशस्वी होते. हे अंतर भरण्याचे साधन म्हणजे अंदाजपत्रक. पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला हा शब्द कोरडा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर येणार की नाही, हे त्याच्या हातातील कागदावरच ठरत असते.

पैसा येतो कुठून?

आपत्तीनंतर खर्च होणारा पैसा साधारणपणे चार तिजोऱ्यांतून येतो. पहिली तिजोरी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीची. महाराष्ट्रासारख्या राज्यांत या निधीत ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आपत्ती व्यवस्थापनाच्या एकूण रकमेचे विभाजनही आखून दिले. त्यानुसार ४० टक्के प्रतिसाद व तातडीची मदत, ३० टक्के पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणी, १० टक्के सज्जता आणि २० टक्के धोका कमी करण्याची कामे, अशी वाटणी ठरली. हा पैसा २२४५ या मुख्य लेखाशीर्षाखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे, तेथून तहसीलदारांकडे आणि पंचनाम्यानंतर बाधिताच्या बँक खात्यात जातो.

दुसरी तिजोरी महानगरपालिकेची. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. पाणी उपसण्याचे पंप, बोटी, तात्पुरता निवारा, कचरा उचलणे, औषध फवारणी हा खर्च प्रामुख्याने पालिकेच्या अंगावर येतो. तिसरी तिजोरी मुख्यमंत्री सहायता निधीची. मे २०२० मध्ये मजुरांच्या रेल्वेभाड्यासाठी राज्याने याच निधीतून ५४ कोटी ७५ लाख रुपये जिल्ह्यांना दिले होते. चौथी तिजोरी धर्मादाय संस्था, धार्मिक संस्था, मंडळे, गृहनिर्माण संस्था आणि व्यक्तिगत दात्यांची.

या चारांपैकी सर्वांत मोठी तिजोरी पहिली आणि सर्वांत चपळ चौथी. साहजिकच पहिल्या ७२ तासांचा भार बहुतेक वेळा चौथ्या तिजोरीवर आणि पालिकेवर पडतो.

निकष आणि वास्तव

सरकारी मदत ठरलेल्या दरानेच मिळते. २०१५ ते २०२० या काळातील केंद्रीय निकषांत कपड्यांसाठी १,८०० आणि भांडी व घरगुती सामानासाठी २,००० रुपये प्रतिकुटुंब अशी तरतूद होती. २०२२ ते २०२६ या काळासाठी ती प्रत्येकी २,५०० रुपये करण्यात आली. सपाट प्रदेशात पूर्णतः नष्ट झालेल्या घरासाठीची मदत ९५,१०० रुपयांवरून एक लाख २० हजारांवर गेली. पूर्ण नष्ट झालेल्या मच्छीमार बोटीसाठीची मदत ९,६०० वरून १५,००० रुपये झाली. राज्य सरकार स्वतःच्या तिजोरीतून यात भर घालू शकते आणि मोठ्या आपत्तींत तशी भर घातली गेली आहे. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात ग्रामीण कुटुंबांना १० हजार आणि शहरी कुटुंबांना १५ हजार रुपये देण्याचा निर्णय झाला होता.

निकषांतील अटी मात्र वसई-विरारसारख्या शहराला अडचणीच्या ठरतात. कपडे-भांड्यांची मदत घर वाहून गेले, पूर्ण कोसळले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिले, तर मिळते. चाळीच्या तळमजल्यावर तासभर पाणी शिरले तरी संसाराचे नुकसान व्हायचे ते होतेच. परंतु कागदावर ते कुटुंब निकषात बसत नाही. घराच्या पडझडीसाठी बांधकाम अधिकृत असणे अपेक्षित असते. ज्या शहरात अनधिकृत इमारतींचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे, तेथे या एका अटीने असंख्य कुटुंबे मदतीच्या कक्षेबाहेर जातात. भाडेकरूची स्थिती याहून नाजूक असते. घर त्याचे नसते, बुडालेला संसार तेवढा त्याचा असतो.

इमारत कोसळण्याची घटना तर केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीतही नाही. पूर, चक्रीवादळ, भूकंप, आग, दरड अशा आपत्ती त्या यादीत आहेत. रमाबाई अपार्टमेंटच्या दुर्घटनेनंतर मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपयांची मदत मुख्यमंत्र्यांनी जाहीर केली. पण जे वाचले आणि ज्यांचे घर ढिगाऱ्याखाली गेले, त्यांच्या पुढील महिन्यांच्या भाड्यासाठी पुराप्रमाणे आपोआप लागू होणारा तयार दर निकषांत सापडत नाही. अशा वेळी पालिका आणि धर्मादाय संस्था यांच्या अंदाजपत्रकात ही तरतूद आधीच असली, तरच ती वेळेवर मिळते.

एका छावणीचे अंदाजपत्रक

मदतकार्याचे अंदाजपत्रक हाती असलेल्या रकमेपासून सुरू करण्याचा मोह सर्वांनाच होतो. ही पहिली चूक. ते सुरू करायचे माणसांपासून. किती माणसे, किती दिवस आणि प्रत्येकाला किमान काय लागेल, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की रक्कम आपोआप समोर येते. किमान गरजांसाठी जगभरात 'स्फिअर' या नावाने ओळखली जाणारी मानके वापरली जातात. १९९७ मध्ये विविध मदतसंस्थांनी एकत्र येऊन त्यांचे काम सुरू केले. त्यांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, झोपण्या-राहण्यासाठी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागे एक आणि लवकरात लवकर २० माणसांमागे एक शौचालय असावे.

उदाहरणादाखल पालिकेच्या शाळेत ५०० माणसांची सात दिवसांची छावणी गृहीत धरू. पाणी दिवसाला ७,५०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरची रोज एक खेप. जागा १,७५० चौरस मीटर. वर्गखोली ४५ चौरस मीटरची धरली, तर ३९ खोल्या. शौचालये आरंभी दहा, नंतर २५. एवढ्या खोल्या आणि शौचालये एका शाळेत नसतील, तर दुसरी शाळा, तिचा पहारेकरी, तिथली वीज आणि दोन शाळांमधली वाहतूक हे सारे खर्च वाढतात. मानकाचे हे साधे गणित न मांडता छावणी उघडली, की दुसऱ्या रात्रीपासून गोंधळ सुरू होतो.

आता जेवण. चहा-नाश्ता आणि दोन वेळच्या जेवणाचा खर्च माणशी १२० रुपये गृहीत धरला, तर सात दिवसांचे ४ लाख २० हजार रुपये होतात. त्यावर १० टक्के अनपेक्षित खर्चाची तरतूद म्हणून ४२ हजार रुपये राखून ठेवले, असे समजू. तिसऱ्या दिवशी आणखी १५० माणसे आली, तर उरलेल्या पाच दिवसांत केवळ जेवणाचाच खर्च ९० हजारांनी वाढतो. राखीव रक्कम संपून ४८ हजारांची तूट येते. ही तूट तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कळली, तर चार दिवस हातात असतात. सातव्या दिवशी कळली, तर दुकानदाराची उधारी तेवढी उरते. म्हणूनच आपत्तीत अंदाजपत्रक रोज तपासावे लागते. नियोजित खर्च, प्रत्यक्ष खर्च आणि उरलेल्या दिवसांचा अंदाज हे तीन स्तंभ रोज रात्री भरले गेले पाहिजेत. त्यासाठी संगणक लागतोच असे नाही; एक वही आणि एक जबाबदार माणूस पुरेसा असतो.

अंदाजपत्रकात हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टीही ठरलेल्या आहेत. सामान उतरवणाऱ्यांची मजुरी, टेम्पोचे भाडे, जनित्राचे डिझेल, गॅस सिलिंडर, सॅनिटरी पॅड, तान्ह्या बाळांचे दूध, स्वयंसेवकांचे जेवण आणि छावणी बंद करतानाची साफसफाई. यातील प्रत्येक रक्कम लहान दिसते. पण त्यांच्या अभावी तांदळाची पोती असूनही चूल पेटत नाही.

निविदेला सूट, नोंदीला नाही

तातडीच्या खरेदीत नियम आड येतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. वास्तविक कायद्याने याचा विचार केलेला आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५० नुसार आपत्तीच्या प्रसंगी बचाव व मदतीसाठी तातडीची खरेदी करता येते आणि निविदा मागवण्याची नेहमीची पद्धत शिथिल मानली जाते. साहित्य वापरले गेल्याबद्दल प्राधिकृत अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हिशेबासाठी वैध प्रमाणक धरले जाते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ (३) (क) अन्वये आयुक्तांनाही आणीबाणीच्या प्रसंगी पूर्वमंजुरीविना कार्यवाही करता येते. मात्र केलेली कार्यवाही, तिची कारणे आणि खर्च यांचा अहवाल स्थायी समिती आणि महासभेला तात्काळ द्यावा लागतो.

म्हणजेच सूट निविदेपुरती आहे. काय घेतले, कोणत्या दराने घेतले, कुठे पोहोचले आणि कुणाला मिळाले, या चार नोंदींतून कुणाचीही सुटका नाही. मदतीचा पैसा वा साहित्य हडप करणाऱ्यास आणि खोटा दावा करून मदत लाटणाऱ्यास याच कायद्याच्या कलम ५३ आणि ५२ नुसार दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

वसई-विरारच्या बाबतीत येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात कारभार प्रशासकांच्या हाती होता. करोना, रुग्णालयातील आग आणि इमारत दुर्घटना या तिन्ही प्रसंगी खर्च करणारा आणि ज्याच्यापुढे अहवाल ठेवायचा तो, असे दोन वेगळे घटक अस्तित्वातच नव्हते. कायद्यातील शिथिलता आणि तिच्यावरचा अंकुश हे जोडीने काम करतात. त्यातील एक नसेल, तर लेखापरीक्षणाचे महत्त्व दुपटीने वाढते.

सोपा उपाय आधीच योजण्यात आहे. टँकर, बोटी, जेवण, ताडपत्री, पंप यांचे दरकरार पावसाळ्यापूर्वी करून ठेवले, तर आपत्तीच्या रात्री केवळ दूरध्वनी करावा लागतो. भाव करण्याची वेळ येत नाही. क्षेत्रीय कर्मचाऱ्यांना मर्यादित रकमेची तसलमात आणि ती ठरावीक दिवसांत प्रमाणकांसह समायोजित करण्याचे बंधन असले, की वेग आणि शिस्त दोन्ही साधतात.

संस्थांची तिजोरी

धर्मादाय संस्थांचे गणित सरकारपेक्षा वेगळे आणि काहीसे अवघड असते. दात्याने पुरासाठी दिलेला पैसा संस्थेच्या इमारतीच्या दुरुस्तीला वापरता येत नाही. असा विशिष्ट कारणासाठी आलेला निधी आणि संस्थेचा सर्वसाधारण निधी यांची खाती वेगळी ठेवणे, ही या क्षेत्रातील प्राथमिक शिस्त होय. दोन देणगीदारांकडून एकाच टँकरचे बिल वसूल होणे हा प्रकार नेहमीच लबाडीतून घडत नाही. कित्येकदा तो कीर्द वेळेवर न लिहिल्यामुळे घडतो. विश्वासार्हता मात्र दोन्ही प्रसंगी सारखीच जाते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये याबाबत तरतुदी आहेत. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्या विश्वस्त संस्थेने पुढील वर्षाचे अंदाजपत्रक धर्मादाय कार्यालयाला सादर करणे आणि हिशेबांचे लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करण्यापूर्वी कलम ४१ (क) नुसार रीतसर परवानगी घ्यायची असते. गणेशोत्सव मंडळांना हे कलम तोंडपाठ असते. पण पूरग्रस्तांसाठी नाक्यावर डबा फिरवणाऱ्यांना त्याचे विस्मरण होते. परदेशी देणग्यांसाठी नियम अधिक कडक आहेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशा निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला हस्तांतरित करण्यास मनाई झाली. त्यामुळे मोठ्या संस्थेने पैसा आणायचा आणि गावपातळीवरच्या लहान संस्थेने तो वाटायचा, ही जुनी साखळी तुटली.

प्रशासकीय खर्च हा दात्यांच्या दृष्टीने सर्वांत नावडता विषय. आपला प्रत्येक रुपया गरजूपर्यंतच जावा, ही भावना रास्त आहे. परंतु साठा नोंदवणारा, बिले तपासणारा आणि लाभार्थ्यांची यादी पडताळणारा माणूस हासुद्धा खर्चच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थाही अशा अप्रत्यक्ष खर्चापोटी साधारण सात टक्के आकारतात. शून्य टक्के प्रशासकीय खर्चाची घोषणा करणाऱ्या संस्थेत हिशेब कोण ठेवतो, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा ठरतो.

दुसरा प्रश्न वेगाचा. समजा, एका संस्थेकडे पहिल्या पंधरवड्यात नऊ लाख रुपये जमले आणि तिने बाधित कुटुंबांना सहा महिने साथ देण्याचे ठरवले. पहिल्याच महिन्यात सहा लाख खर्च झाले, तर उरलेल्या पाच महिन्यांसाठी महिना ६० हजारच हाती राहतात. देणग्या तर तोपर्यंत आटलेल्या असतात. पुरानंतर मुलांची फी, आजारपण, बुडालेला रोजगार हे खर्च दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डोके वर काढतात आणि नेमके तेव्हाच गंगाजळी संपते.

वस्तू की रोख?

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. दात्याला फुकट वाटणारी वस्तू मदतकार्याला फुकट पडत नाही. तिची वाहतूक, वर्गवारी, साठवणूक आणि नको असल्यास विल्हेवाट यांचा खर्च कुणाच्या तरी अंदाजपत्रकात जातो. वस्तुरूप मदतीचीही बाजारभावाने किंमत लावून ती जमाखर्चात दाखवली पाहिजे, अन्यथा छावणीचा खरा खर्च कधीच कळत नाही.

गेल्या काही वर्षांत जगभरातील मदतसंस्था रोख रकमेकडे वळल्या आहेत. मे २०१६ मध्ये इस्तंबूल येथे झालेल्या जागतिक मानवतावादी शिखर परिषदेतही या दिशेने सहमती झाली. वसई-विरारसारख्या शहरात पाणी ओसरताच बाजार दोन-तीन दिवसांत उघडतो. अशा ठिकाणी पहिल्या दिवसांत शिजवलेले अन्न आणि पाणी, त्यानंतर बँक खात्यात रोख, हा क्रम किफायतशीर ठरतो. मात्र खाते नसलेला मजूर, आधार जोडणी नसलेली वृद्धा आणि भाडेपावती नसलेला भाडेकरू यांच्यासाठी वेगळी सोय ठेवावी लागते.

किल्लारीचा धडा

महाराष्ट्राला या विषयाचा मोठा अनुभव ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दिला. सुमारे आठ हजार माणसे दगावली. जागतिक बँकेच्या साह्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावांचे पूर्ण स्थलांतर झाले आणि त्याखेरीज मोठ्या संख्येने घरांची जागच्या जागी दुरुस्ती व बळकटीकरण करण्यात आले. दुरुस्तीचा पैसा कंत्राटदाराऐवजी घरमालकाच्या हाती, कामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी देण्यात आला. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिलांनी संवाद साहाय्यक म्हणून अनुदानाची माहिती घरोघरी पोहोचवली. आपल्याला किती हप्ता मिळायचा आहे आणि तो कशासाठी आहे, हे लाभार्थ्यालाच ठाऊक असले की त्याच्यासारखा दक्ष लेखापरीक्षक दुसरा नाही, हे त्यातून दिसून आले.

दात्याने काय विचारावे?

मदत करू इच्छिणाऱ्या नागरिकाला लेखापाल होण्याची गरज नाही. काही साधे प्रश्न पुरेसे आहेत. संस्था नोंदणीकृत आहे काय आणि देणगीची पावती मिळते काय? या आपत्तीसाठी वेगळे खाते ठेवले आहे काय? दोन हजार रुपयांपेक्षा अधिक देणगी रोखीने मागितली जाते काय? अशा रोख देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही. किती कुटुंबांना, काय आणि किती दिवस द्यायचे ठरले आहे? खर्चाचा तपशील कधी आणि कुठे जाहीर होणार? पैसा उरला, तर त्याचे काय करणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या संस्थेकडे तयार असते, तिने अंदाजपत्रक खरोखर मांडलेले असते.

हाच प्रश्न पालिकेलाही विचारता येतो. २०१८ च्या पुरानंतर कारणे शोधण्यासाठी निरी आणि मुंबई आयआयटी यांच्या तज्ज्ञांची नेमणूक झाली आणि पावसाचे पाणी साठवून धरणाऱ्या धारण तलावांचा उपाय पुढे आला. मदतीवर खर्च होणारा पैसा आणि आपत्ती टाळण्यावर खर्च होणारा पैसा अखेर एकाच करदात्याच्या खिशातून जातो. त्यामुळे पालिकेचे वार्षिक अंदाजपत्रक सादर होते, तेव्हा नागरिकांनी त्यातील दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत : पूरनियंत्रणासाठी किती तरतूद केली आणि मागील वर्षीच्या तरतुदीपैकी प्रत्यक्षात किती खर्ची पडली. यांतील दुसरा आकडा अधिक बोलका असतो.